गोऱ्या काकीचे बूट

काकी, काल तुझ्यासाठी प्रार्थना झाली, तीही लॅपटॉपवर. मुंबईहून, ठाण्याहून, इस्राएलहून सगळे जमले होते. जमले होते म्हणजे आपापल्या चौकोनात बसले होते. अर्ध्यांचा आवाज येत नव्हता आणि उरलेल्यांचा थांबत नव्हता. "डॅन्या, कॅमेरा खाली कर रे, नुसतं टक्कल दिसतंय," असं कुणीतरी दोनदा ओरडलं. मग ठरलं की आता डॅनीने बोलावं, गोऱ्या काकीच्या गोष्टी त्याच्याइतक्या कुणाला येत नाहीत. खरंय. लग्न असो, साखरपुडा असो, कुणी विचारो न विचारो, तुझी गोष्ट सांगितल्याशिवाय मी हात धुवायला उठत नाही. आणि काल तोंडातून काय निघालं? "काकी फार चांगली होती." बस. बायकोने, शेरॉनने, टेबलाखालून पाय मारला तरी पुढे सुचेना.

कारण प्रत्येक वाक्याच्या आधी तुझाच आवाज यायचा, "आरं, तू हुतास का तिथं?"

पुरंदरच्या पायथ्याची ती मराठी. आमची आजी म्हणायची, सून दिसते मडमेसारखी आणि बोलते दूधवालीसारखी. गडावर दूध घेऊन येणाऱ्या बाईकडूनच तू शिकली होतीस, त्याला तुझा काय इलाज! आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले, आडनावाला 'कर' लावणारे मराठी यहुदी. तू व्हिएन्नाची. नाझींपासून जीव वाचवून आईबरोबर मुंबईच्या बंदरात उतरलीस, आणि युद्ध पेटल्यावर इंग्रजांनी तुझा जर्मन पासपोर्ट बघून तुला शत्रुराष्ट्राची बाई ठरवलं. ज्यांनी ज्यू म्हणून हाकललं त्यांच्याच देशाची म्हणून तुला पुरंदरावर नेऊन ठेवलं. हे सांगितलं की ऐकणारे चमचा खाली ठेवतात. मग मला चेव यायचा आणि मी सांगायचो, की एका पावसाळी सकाळी काकी पहारेकऱ्यांना चुकवून गड उतरून पळाली.

तू स्वयंपाकघरातून म्हणायचीस, "पळतीय कुठली? मलेरिया झाला हुता. डोलीतनं उतरवली मला."

किंवा ती ऑस्ट्रेलियाची गोष्ट. तू गोरी म्हणून तुला इथे यायला लगेच परवानगी होती, आणि काका आमच्यासारखे सावळे म्हणून त्यांना नव्हती. माझ्या गोष्टीत तू तो कागद साहेबाच्या टेबलावर फेकतेस. तुझ्या गोष्टीत तू "थँक यू" म्हणतेस, बाहेर येतेस आणि जिन्यात बसून रडतेस. मग कायदा बदलेपर्यंत तुम्ही दोघंही भायखळ्यातच राहिलात. तुझीच गोष्ट चांगली होती, काकी. पण जेवणाच्या पंक्तीत फेकाफेकी जास्त चालते.

एका गोष्टीला मात्र मी कधी मसाला लावला नाही. ती तू एकदाच सांगितलीस. काका गेल्यावर आम्ही तुला आमच्याकडे टार्निटला, ऑस्ट्रेलियातल्या या शहराबाहेरच्या वस्तीत, आणलं, त्यानंतर कधीतरी गवार मोडता मोडता. सकाळी दार वाजलं. गणवेशातली माणसं. तुझ्या बाबांना म्हणाली, नाव लिहून घ्यायचंय, लगेच आणून सोडतो. बाबा घरातल्या सपाता घालून तसेच गेले. बूट चढवायला वेळ मागितला नाही, उगाच कशाला त्यांना खोळंबवायचं म्हणून. बाहेर बर्फ होता.

"लई सभ्य माणूस," तू म्हणालीस आणि पुढची शेंग उचललीस. ते परत आले नाहीत.

तेव्हापासून तुझ्या पलंगाशी बूट. तपकिरी, जाड तळव्यांचे, नाड्या सैल केलेले, टोकं दाराकडे. जोड बदलत गेले, जागा तीच. भायखळ्याच्या दोन खोल्यांत यावरून जे महाभारत झालं ते तर मी लहानपणी स्वतः पाहिलंय, त्याला तरी "हुतास का तिथं" म्हणू नकोस. आजी ओरडायची, "घरात बूट? उशाशी काय देव ठेवल्यासारखे ठेवलेस!" आणि तू म्हणायचीस, "आईबाई, बाकी सगळं तुमच्या मनासारखं. बूट माझे." आईबाई. सगळं घर तिला आई नाहीतर आजी म्हणायचं. आईबाई फक्त तू.

आणि मलिद्याच्या दिवशी तर आजी हटूनच बसायची. घरात काही चांगलं झालं किंवा नवस फेडायचा असला की आमच्यात मलिदा होतो. लादी धुवायची, पांढरी चादर अंथरायची, मधोमध ताट. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि गुलाब. डोकी झाकून सगळे भोवती बसतात, एलियाहू नबीला, संकटात धावून येणाऱ्या आमच्या प्रेषिताला, बोलावतात, आणि मग खातात. आजी म्हणायची, नबीच्या ताटासमोर वहाणा चालायच्या नाहीत, बूट दाराबाहेर. तू म्हणायचीस, "बूट बाहेर तर मी बाहेर." आणि अख्ख्या भायखळ्यात कुणाला जमत नसे असा मलिदा स्वतःच्या हाताने करून, बूट घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहायचीस. आम्ही पोरं तुला वाटी नेऊन द्यायचो. टार्निटला आल्यावरही तेच. सगळे आत चादरीवर आणि तू मागच्या अंगणात, कपड्यांच्या स्टँडशेजारी, पायांत बूट, हातात वाटी.

"काकी, आता ये की आत. टार्निटमधून कोण नेणार आहे तुला? इथून माणसाला स्वतःहून बाहेर पडायचं तरी गाडी लागते. ट्रेनचा तर भरवसाच नाही."

"तुझ्या नबीला सांग, मी हितं बरी हाय."

"तो आत येतो, काकी. अंगणात नाही."

"व्हिएन्नात आला न्हाई त्यो. आता टार्निटात पोहे खायाला यील व्हय?"

 मी म्हणायचो, पुढच्या वेळी सांगतो. उत्तर अजून शोधतोय.

मग ते वर्ष आलं. घराण्यातला अधिकृत घाबरट मीच. मी केळी साबणाने धुतली, वर्तमानपत्राला इस्त्री केली आणि शेजाऱ्याची मांजर कुंपणावर आली तर श्वास रोखून धरला. तू खिडकीशी बसून हसायचीस. पण रात्रीची संचारबंदी लागली, दूध आणायला निघालो तरी परवानगी आहे का बघावं लागायला लागलं, रस्त्यावर फक्त पोलिसांची गाडी फिरायला लागली, आणि तुझं हसू थांबलं. "कागद घेतलास?" तू दारात विचारायचीस. मी खिसा थोपटून दाखवायचो. मी परत येईपर्यंत तू कोट घालून बसलेली असायचीस, असं शेरॉन सांगायची. मला वाटायचं, हिला थंडी वाजत असेल.

आजार घरात कुठून आला ते कळलं नाही. मी, शेरॉन, आमची लेक मिमी, तिघं खोकलो आणि बसून राहिलो. तुला आधी नुसती कणकण होती. घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम, आणि आम्ही खरंच घरात आहोत का ते बघायला एक दिवस दोघं आले, एक आरोग्य खात्याची बाई आणि तिच्याबरोबर लष्करी कपड्यांतला पोरगा. तुझी खोली पुढची. तू पडद्यातून आधी कपडे पाहिलेस.

मी दार उघडलं, लांबूनच सगळ्यांची नावं सांगितली. पोरगा बिचारा "नो वरीज, मेट, टेक केअर" म्हणाला आणि गेला. मी वळलो तर मिमी तुझ्या दारात रडवेली उभी. "डॅड, शी वोन्ट टॉक टु मी."

तू पलंगाच्या कडेला बसली होतीस. कोट, पायांत बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या, मांडीवर पर्स. बोलत होतीस, पण जर्मन. आमच्या उभ्या आयुष्यात तुझ्या तोंडून जर्मनचा एक शब्द आम्ही ऐकला नव्हता. शंभरीला टेकलेली तू, आणि आवाज एखाद्या कॉलेजातल्या मुलीचा. मला एक अक्षर कळलं नाही. मी मूर्खासारखा म्हणत राहिलो, "काकी, गेले ते. काकी, चहा ठेवू?"

बऱ्याच वेळाने तू माझ्याकडे पाहिलंस आणि मराठीत आलीस. "डॅनी, मला न्यायला आले तर बूट घालू दे. मग नेऊ दे कुठंबी."

"कुणी नेत नाही, काकी."

"घालू देशील न्हवं?"

"देईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझे ओठ निळसर दिसायला लागले. बोटाला लावायचं ते यंत्र मी तीनदा झटकलं, दुसऱ्या बोटाला लावलं, स्वतःला लावून पाहिलं. मग फोन केला. अँब्युलन्समधून दोघं उतरले. पायापासून डोक्यापर्यंत झगे, चष्मे, मास्क, त्यावर काच. चेहरा नाहीच. माणसं भली होती, तुझ्याशी गोड बोलत होती, तुला "डार्लिंग" म्हणत होती. आम्ही जवळ यायचं नाही, बरोबर यायचं नाही. ऑक्सिजन लावून त्यांनी तुला एवढ्या सफाईने उचललं की मी दारात पोचेपर्यंत तू अंगणात होतीस.

चादरीखालून तुझे पाय बाहेर आले होते. त्यांवर मिमीने वाढदिवसाला दिलेल्या निळ्या, केसाळ सपाता.

मी ओरडलो, "हर शूज!" एकाने वळून हात हलवला, "शी वोन्ट नीड देम, मेट." गाडी गेली. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या घरांचे पडदे हलले आणि परत स्थिर झाले. आत तुझे बूट पलंगाशी, टोकं दाराकडे.

त्यानंतर मी जे केलं त्याला शेरॉन आजही "डॅनीचं बूट-युद्ध" म्हणते. हॉस्पिटलला फोन लावला. सामान घेत नाही. परत लावला. पेशंट झोपून आहे, चालणार नाहीये, बूट कशाला? मी समजवायला लागलो, की हे बघा, व्हिएन्नात एकदा... पलीकडची बाई म्हणाली, सर, तुमच्या मागे लाइनमध्ये खूप लोक आहेत. तिचंही बरोबर होतं. मला स्वतःला दाराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. मी येरझाऱ्या घालत होतो. तू आत्ता छताकडे बघत असशील. भोवती बिनचेहऱ्याची माणसं. पायांत सपाता. तू कुठे आहेस असं तुला वाटत असेल? तेवढा एकच प्रश्न होता, काकी. तू वाचशील का, हा नव्हता. खोटं कशाला बोलू, तोही होता. पण पहिला हा.

शेवटी मिमीच म्हणाली, "डॅड, आस्क सुजाताताई."

समोरच्या घरातली, नागपूरची. तू तिला ओळखायचीस ते तिच्या झेंडूंवरून. ती त्याच हॉस्पिटलात नर्स होती, आणि त्या वॉर्डाला नर्सा कमी पडत होत्या म्हणून तिला तिथेच पाठवलं होतं. मी फोनवर सगळं सांगितलं. बाबा, बर्फ, सपाता, बूट. मध्ये थांबलो की ती नुसतं "हं" म्हणायची.

"दारात ठेवून द्या भाऊ," ती म्हणाली. "शिफ्टला निघाली की उचलते. विचारते मी आमच्या इन्चार्जला. नाही म्हटलं तर परत विचारते."

मी बूट इतके पुसले, इतकं सॅनिटायझर ओतलं की चामड्याचा रंगच गेला. संध्याकाळी तिचा फोटो आला. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत तुझे बूट, पलंगाशेजारी जमिनीवर, टोकं दाराकडे. टोकांचं मी तिला सांगितलं होतं, पण ती विसरेल असं वाटलं होतं.

रोज ती ब्रेकमध्ये टॅबलेट तुझ्यासमोर धरायची. पहिल्या दिवशी तू वर बघून जर्मनच बोलत होतीस, भराभर, कुणालातरी काहीतरी पटवून देत असल्यासारखी. मी "काकी, काकी" करत होतो. तू पोचत नव्हतीस. गोष्टीवेल्हाळ म्हणवणाऱ्या मला एक गोष्ट सुचेना. मग घाबरलेला माणूस काहीही बोलतो तसं माझ्या तोंडून निघालं, "काकी, मी मलिदा करतोय. पोहे रात्रभर भिजत घातलेत."

तुझं बोलणं थांबलं. मास्कचा नुसता सूं सूं आवाज.

"रातभर?" तू म्हणालीस.

"हो."

"आरं पोहे हायत का बिरड्याचे वाल?"

सुजाता हसली, तिचा टॅबलेट हलला, तू आणि छत आणि पंखा सगळं एकदम दिसलं. माझ्या जिवात जीव आला. तू इकडे होतीस.

मग आम्ही तिघं रोज सकाळी बसून चुका ठरवायला लागलो. मी म्हणायचो, पाकिटातलं सुकं खोबरं घातलंय, आणि तू म्हणायचीस, "द्येवाला भुसा?" शेरॉनने सांगितलं, वेलची नव्हती तर दालचिनी टाकलीय. तू तिला काय म्हणालीस ते मी इथे लिहीत नाही, ती दूधवाली बाई गडावर काय काय शिकवत होती कोण जाणे. मिमीने तर पोह्यांऐवजी भलतंच परदेशी धान्य काढलं, "काकी-आजी, कॅन वी यूज किन्वा?" त्यावर तू डोळे मिटून घेतलेस आणि हात वर करून नबीलाच बोलावल्यासारखं केलंस. आमची मलिद्याची पंक्ती अशी टॅबलेटवर बसायची. मी मनात नवसही बोललो होतो. तू घरी आलीस तर खरा मलिदा, आणि बूट घालून आत बसलीस तरी कुणी काही बोलणार नाही. आजीलाही मी वर निरोप दिला होता.

मग एक दिवस मी अननस काढला. सगळ्यात मोठी चूक राखून ठेवली होती. "काकी, केळी नाहीत, डब्यातला अननस घालतोय, पाकासकट." तू काही बोलली नाहीस. मी परत म्हटलं. मिमीने टॅबलेटजवळ तोंड नेऊन म्हटलं. तुझे डोळे अर्धे उघडे होते आणि ओठ हलत होते, पण कोणत्या भाषेत ते कळेना. सुजाता म्हणाली, "भाऊ, आज थकल्या त्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलचा फोन आला.

मला रडायला यायच्या आधी भीती वाटली, काकी. शेवटचे ते तास तू कुठे होतीस? व्हिएन्नाच्या त्या सकाळी, त्या दारात? मग दफनविधी करणाऱ्या मंडळींचा फोन आला. आपली रीत मला ठाऊक आहे, पांढरं साधं कफन, पायांत काही नाही. पण मी मनाशी ठरवलं होतं की भांडायचं. धर्मगुरू रब्बींशी, कायद्याशी, गरज पडली तर हे सगळे नियम घालून देणाऱ्या प्रत्यक्ष मोशेशी. बूट तुझ्याबरोबर जातील. "मी तिला शब्द दिलाय," एवढं वाक्य मी आरशासमोर इंग्रजीत म्हणून पाहिलं. त्यांना म्हटलं, थोड्या वेळाने सांगतो.

तेवढ्यात दाराशी सुजाता. ड्यूटीवरून सरळ आली होती, मास्कच्या वळांनी गाल कापल्यासारखे झाले होते. पायरीपासून लांब, झाडाजवळ उभी राहिली. हातात ती पिशवी.

"आजी सकाळी बोलल्या माझ्याशी," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचं होतं. फोनवर नको वाटलं."

"जर्मन?"

"नाही ना. मराठीत बोलून राहिल्या होत्या. आधी म्हणे, जेवलीस का. मी म्हटलं, जेवते आजी. मग खाली बुटांकडे बोट केलं. मला वाटलं, घालून मागताहेत. मी पिशवी सोडायला लागली, तर चिडल्या. म्हणे, बाहेर ठेव. दाराबाहेर. मलिदा मांडलाय. मी ठेवले बाहेर, तिथून दिसतील असे. मग शांत झाल्या."

 मनात आलं ते सांगतो. ही भली बाई आहे. रोज टॅबलेट धरून आमचा मलिदा ऐकत होती, बुटांचं सगळं मीच तिला सांगितलं होतं. मला बरं वाटावं म्हणून हिने हे रचलं असेल. मी असतो तर रचलं असतं. आयुष्यभर दुसरं काय केलंय?

सुजाता जायला वळली आणि थांबली. "भाऊ, आईबाई कोण?"

"काय?"

"त्या म्हणाल्या, लवकर ठेव, आईबाई बसायला बोलावताहेत. मला वाटलं, तुमच्या शेरॉनलाच म्हणत असतील."

मी पायरीवर बसलो. हा शब्द मी तिला सांगितला नव्हता. शेरॉनला ठाऊक नाही, मिमीला नाही. भायखळ्याची ती खोली ज्यांनी पाहिली त्यांच्यातला आता इथे मीच उरलोय.

दफनाच्या मंडळींना मी फोन करून सांगितलं, काही नाही, तुमच्या रीतीने करा.

त्यानंतर तुला पोचवायला आम्ही मोजकीच माणसं गेलो, अंतर राखून, मास्कमध्ये. थंडी होती. तुझे पाय उघडे असतील हे मला माहीत होतं.

उद्या सुतकाचे सात दिवस संपतील. या सात दिवसांत आपल्यात चामड्याचं काही पायांत घालत नाहीत, म्हणून आमचे सगळ्यांचे बूट दाराबाहेर रांगेत आहेत, आणि त्यांत रंग उडालेले तुझे. टोकं कुठे करायची, यावर मी फार विचार केला. शेवटी घराकडे केली आहेत.

उद्या मलिदाही करणार आहे. नवस फळला नाही, तेव्हा फेडायचा कसला, असं ठाण्याहून आलेलं मत आहे. ते बरोबर असेल. नबी व्हिएन्नात का आला नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि तो त्या वॉर्डात आला होता असंही मी म्हणणार नाही. तिथे सुजाता होती. तिलाच बोलावलंय, म्हणजे तिच्या पायरीवर डबा ठेवणार, दुसरं काय करता येतं सध्या. पोहे रात्रभर भिजवणार नाही. खोबरं ओलं आणलंय.

आणि पुढे कधी पंक्ती परत बसायला लागल्या, की मी ही गोष्ट सांगेन. काही वाढवणार नाही. तू आत गेलीस आणि आजीशेजारी बसलीस, इथपर्यंतसुद्धा नेणार नाही. बूट बाहेर ठेवायला सांगितलेस, तिथे थांबेन.

तू हुतास का तिथं?

नव्हतो, काकी. बूट होते.